लांबडी

“आत या की,” आई दुसऱ्यांदा म्हणाली. लालासाहेब अंगणातच उभे राहिले, शेवग्यापाशी. चपलांना चिखल आहे म्हणाले. आमच्या कुंडल गावात मार्च महिना चालू होता, चिखल कुठेच नव्हता. चहा आत्ताच घेऊन आलो, असंही म्हणाले.

माझ्या वडिलांना, दादांना, जाऊन आठवडा झाला होता. मी साताऱ्याच्या शाळेतून रजा काढून आले होते. आमच्या बौद्धवाड्यात वरच्या आळीतले लालासाहेब पहिल्यांदाच आले होते.

केरूसारखे, म्हणजे दादांसारखे, फोटो गावात कुणी काढले नाहीत, असं ते बराच वेळ सांगत राहिले. त्यांच्या आईचा फोटो, धाकटीच्या हळदीचा फोटो. “मागचं समदं पुसट, आन माणूस तेवढं उठून दिसायचं.” मग मुद्द्यावर आले. पुतण्यानं स्टँडजवळ स्टुडिओ टाकला होता, नवा कॅमेरा आणला होता. चेहऱ्यासाठी लेन्स तेवढी नव्हती.

“केरूची ती लांबडी आता पडूनच हाय न्हवं? देऊन टाक त्याला, आम्रपाली. फुकट नगं.”

ती घेतली तेव्हा मी दादांबरोबर होते. एक्क्याण्णव साल असेल. सांगलीच्या दुकानात जयपाल शेठनी काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या. चेहऱ्यासाठी पंच्याऐंशी एमएमची घ्या, असा त्यांचा आग्रह होता. पाच-सहा फुटांवर उभं राहायचं, बोलत बोलत काढायचा, माणूस मोकळा होतो. दुसरी ही लांबडी, एकशे पस्तीसची. तिला लांब जावं लागतं, हात जरा हलला की फोटो गेला. दादांनी पहिली कॅमेऱ्याला लावून दारातल्या सायकलवाल्याकडे बराच वेळ पाहिलं. ती त्यांना आवडली होती, मला दिसत होतं. मग त्यांनी ती काढून परत ठेवली.

“एवढ्या जवळ कोण हुबं ऱ्हाऊ देतंय, शेठ?”

हसतच म्हणाले. शेठ हसले नाहीत. त्यांनी लांबडी कागदात गुंडाळून दिली.

लालासाहेबांच्या घरच्या प्रत्येक कार्याचे फोटो दादांनीच काढले. मांडवाच्या कडेला उभं राहून, पंगतीपासून लांब. देवघराच्या दिशेनं पाऊल पडलं की लालासाहेब गोडीनं म्हणायचे, “तिथनंच घे रं केरू.” दादा तिथूनच घेत. शिवी दिली असती तर एखादे वेळी मी विसरलेही असते. ती गोडी विसरता येत नाही. आणि फोटो आले की लोक म्हणत, केरूचा हात काय आहे.

घरी लांबडी कधी निघाली नाही. “आपल्यात कशाला ती?” दादा म्हणत. आमचे फोटो साध्या आखूड लेन्सचे, तेही इतक्या जवळून की सगळ्यांची नाकं मोठी आलेली. आई चिडायची. आता बुद्धाच्या तसबिरीशेजारी हार घातलेला दादांचा फोटो मी तसाच काढलेला होता, हातभर अंतरावरून.

लालासाहेबांनी अंगणातूनच मान वाकडी करून तो पाहिला.

“नाक मोठं आलंय जरा. लांबडीनं काढायचा न्हाई व्हय?”

मी आत गेले. मी ती द्यायला निघाले असं वाटून आईनं माझं मनगट धरलं. ते सोडवून मी लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि उंबऱ्यात आले.

“तुमच्या पुतण्याला ही लागायची नाही,” मी म्हणाले. “त्याला पार देवघरात जाता येतं. आखूड घ्यायला सांगा.”

त्यांना कळलं की नाही, कोण जाणे. मी कॅमेरा डोळ्याला लावलेला पाहून त्यांनी सवयीनं टोपी सारखी केली, हात खाली सोडले.

“जरा म्होरं येऊ?”

“नको,” मी म्हणाले. “तिथनंच.”

चेहरा चौकटीत नेमका बसला. मला एक पाऊलही सरकावं लागलं नाही. अंतर त्यांनीच बरोबर राखलं होतं. कॅमेऱ्यात रोल नव्हता. मी त्यांना तसंच उन्हात उभं राहू दिलं.