टेलरबाईंची खिडकी

मी बोलतेय, गल्लीच्या टोकाची पडीक जागा. नाकाला रुमाल लावून का होईना, पण ऐका.

एके काळी माझ्यावर साबणाचा कारखाना होता. त्याच्या भोंग्यावर सगळी गल्ली घड्याळं लावायची. मालक गेले, मुलं कोर्टात भांडत बसली, कारखाना पाडला आणि पत्र्याच्या कुंपणावर पाटी लागली, 'काम लवकरच सुरू होईल'. त्या 'लवकरच'ला आता अकरा वर्षं झाली.

शेजारच्या घरात तळमजल्यावर टेलरबाई राहतात. त्यांचं मशीन माझ्याकडच्या खिडकीशी असायचं, उजेडासाठी. गुणगुणत काजं-बटणं करायच्या. मला त्या फार आवडायच्या, म्हणून सांगताना जीभ जड होते: पहिली पिशवी त्यांनीच टाकली.

"चिंध्याच तर आहेत," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आणि जागा रिकामीच आहे."

चिंध्यांना सोबत मिळायला कितीसा वेळ लागतो? शिळं अन्न आलं, फुटका कमोड आला, मेलेलं मांजर आलं. मागोमाग डास आणि उंदीर. माणसं मोठी हुशार. टाकताना मी 'रिकामी', वास आला की 'घाणेरडी'.

बाईंनी खिडकी लावून घेतली. भर दुपारी ट्यूबलाइटखाली शिवण सुरू झालं. डोळे चुरचुरायला लागले, डासांनी झोप उडाली, साध्या बोलण्यावर त्या नवऱ्याच्या अंगावर वस्सकन जाऊ लागल्या. एकदा गिऱ्हाईकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या उजव्याच निघाल्या. तीस वर्षांचा हात तो. मशीनवर डोकं टेकून रडल्या.

"डॉक्टर म्हणाले, रोज जरा मोकळ्या जागेत बसत जा," दारात चपला काढताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मोकळ्या जागेनंच तर इथवर आणलंय." आणि हसल्या. तसलं हसू मला ऐकवत नाही.

गेल्या महिन्यात खिडकी कायमची बुजवायला गवंडी आला. नवरा विटा आणायला निघाला.

"विकत कशाला?" गवंडी म्हणाला. "शेजारी ढीग पडलाय."

कारखान्याच्या विटा त्या, माझ्याच अंगावरच्या. अकरा वर्षांत मी कुणाच्या उपयोगी पडले ती एवढीच.

शेवटची वीट बसायच्या आधी बाईंनी भोकातून हात बाहेर काढला. मला वाटलं, निरोप घेतायत.

हातात चिंध्यांची पिशवी होती.

घेतली पोटात. तुमचंही काही असेल तर टाका. जागा रिकामीच आहे.