नालबंदाचं शेवटचं प्रकरण

“सुमन, ते शेवटचं प्रकरण आत्ता नको. उत्सवाला जाऊ, तिथंच दोघं मिळून ऐकू. तोवर खूण तशीच राहू दे.”

अर्जुनराव असं म्हणाले होते, ते त्यांच्या शेवटच्या चातुर्मासात. रोज सकाळी अंघोळ झाली की पोथीचा अध्याय ऐकायचा आणि तोवर तोंडात पाणीही घ्यायचं नाही, असा सुमनताईंचा नेम होता. पोथी वाचायचे अर्जुनराव. कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पोथीशेजारी दादोपंतांची एक जुनी कादंबरी आणून ठेवली. “अध्याय तुझा, प्रकरण माझं,” म्हणाले. सुमनताईंनी मग कादंबरीलाही लाल फडकं शिवलं. अंघोळीवाचून पोथीला हात लावायचा नाही, हा नियम आपोआप तिलाही लागू झाला.

“दादोपंतांना हे कळलं असतं, तर बिचाऱ्यांनी मटण सोडलं असतं,” अर्जुनराव हसून म्हणायचे.

कादंबरी होती दाजीबा नालबंदाची. घोड्यांना नाल ठोकणारा दाजीबा फौजेबरोबर मुलूखगिरीला जातो आणि त्याची बायको भागीरथी वेशीपाशी वाट बघत राहते. सुमनताई त्या भागीरथीत इतक्या गुंतल्या, की पोळ्या लाटता लाटता विचारायच्या, “येईल ना हो तो?”

“उत्सवात कळेल,” अर्जुनराव म्हणायचे आणि विषय बदलायचे.

दादोपंत चाकणच्या पुढच्या एका गावचे. दर माघात तिथं त्यांच्या नावाचा उत्सव भरतो. लोक त्यांच्या कादंबऱ्यांतल्या माणसांचे पोशाख करून येतात, आणि दुपारी माळावर नालबंदाचा शेवटचा प्रवेश करून दाखवतात.

माघ यायच्या आत अर्जुनराव दवाखान्यात गेले. एका सकाळी त्यांनी विचारलं, “पुस्तक आणलंयस का? शेवटचं वाच मला.”

पुस्तक पिशवीत होतं. पण सुमनताई रात्रभर खाटेशेजारी फरशीवर आडव्या झालेल्या, शेजारच्या बाईनं दिलेला चहा घेतलेला. “असं पारोशानं नको हो,” त्या म्हणाल्या. “घरी जाऊन अंघोळ करून येते. मग वाचते, नक्की.”

अर्जुनरावांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. “बरं. पण वाच हं.”

दापोडीच्या घरी जाऊन, डोक्यावरून पाणी घेऊन त्या परत आल्या, तेव्हा खाटेवरची चादर बदललेली होती.

त्या वर्षीचा उत्सव असाच गेला. पुढल्या चातुर्मासात पोथी सुमनताईंनी स्वतःच अडखळत वाचली, पण लाल फडक्याची गाठ काही सोडवली नाही. ते पुस्तक उघडायला आपल्याला तोंड नाही, असं त्यांना वाटे. मात्र यंदा माघ लागला तशी त्यांनी सुनेला हाक मारली. “वर्षाली, मला तिथं ने गं एकदा. त्यांनी तिथंच ऐकायचं म्हटलं होतं. ऐकते, आणि सांगते त्यांना.”

दोघी कासारवाडीला बस बदलून निघाल्या. पुस्तक सुमनताईंच्या पिशवीत होतं. कंपन्यांच्या लांबच लांब भिंती संपल्यावर गावाची कमान आली. आत पागोटी, उपरणी, नथी यांची गर्दी. तलवार लावलेला एक सरदार फोनवर बोलत होता, “भावा, आजची सेकंड शिफ्ट तू कर ना. मी मुलूखगिरीवर आहे.”

माळावर सुमनताईंना सारजाबाई नावाच्या एका बाईंशेजारी जागा मिळाली. म्हातारी गावचीच. पोरी येऊन तिच्या गळ्यात पडून फोटो काढत होत्या.

“आज्जी, काय भारी गेटअप केलाय. लुगडं भाड्यानं आणलंय का?”

“भाड्यानं कशापायी? म्या रोजच नेसते. पर काढ फोटू, काढ.” पोरी गेल्यावर तिनं पदराची गाठ सोडून एक राजगिऱ्याचा लाडू सुमनताईंच्या हातावर ठेवला. “घ्या ताई. तोंड लई सुकलंय तुमचं.”

सुमनताईंना नको म्हणवेना, म्हणून त्यांनी तो खाल्ला.

प्रवेश सुरू झाला. भागीरथी वेशीशी उभी. कितीतरी वेळ नुसता वारा आणि लांबवर एक तुतारी. मग माळाच्या टोकाला खरा घोडा दिसला आणि त्याचा लगाम धरून चालत येणारा दाजीबा. हलगी कडाडली, लोक उभे राहिले, कुणी फुलं उधळली. दाजीबानं खांद्यावरची हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि बायकोला म्हणाला, “आलो गं.”

सुमनताईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. वर्षालीनं त्यांना जवळ घेतलं. “आई, चांगलंच झालं ना शेवटी?”

“झालं गं,” त्या कशाबशा म्हणाल्या. “तो आला, हेच सांगते त्यांना.”

सारजाबाई हळूच म्हणाल्या, “पुस्तकात न्हाई येत त्यो, ताई.”

“काय?”

“न्हाई येत. घोडा तेवढा येतो माघारी. पयल्या वर्साला खरं त्येच दावलं हुतं. बाया इतक्या रडल्या, की उत्सव भरवनारा आमचा गेनबा म्हनला, उत्सव असा अशुभावर सोडायचा न्हाई. पोथीबी आपुन मरनावर थांबवत न्हाई, व्हय ना? तवापास्नं दाजीबा येतो. वाचलेल्यांना म्हाईत हाय समद्यांना.”

वाचलेल्यांना. अर्जुनरावांनी ती कादंबरी तरुणपणीच वाचली होती. पोळ्या लाटता लाटता सुमनताई विचारायच्या, तेव्हा दर वेळी त्यांनी विषय बदलला होता. खूण तशीच राहू दे म्हणाले होते. आणि दवाखान्यात स्वतःहून शेवटचं प्रकरण मागितलं, ते स्वतःसाठी नव्हतंच. आपण शेजारी असताना तिला एकदा ते ऐकू दे, एवढंच त्यांना हवं होतं. आणि त्या अंघोळीला गेल्या.

समोर दाजीबा लोकांबरोबर फोटोला उभा राहत होता. सुमनताईंनी पिशवी खांद्याला लावली.

“कुठं निघालात?” वर्षालीनं विचारलं.

“तिकडं, बांधापलीकडं. इथं भोंगा फार आहे. वाचायचंय.”

वर्षाली घुटमळली. हा नेम तिच्या सासूनं आजारपणातही मोडलेला तिनं पाहिला नव्हता. “आई, घरी जाऊन वाचा ना निवांत. बसनं आलोय, लाडू खाल्लाय तुम्ही. अंघोळ तरी...”

“तेव्हाही घरीच गेले होते गं,” सुमनताई हळू आवाजात म्हणाल्या. “तू बस सारजाबाईंपाशी.”

त्यांनी चपला हातात घेतल्या आणि पोशाखांच्या गर्दीतून वाट काढत त्या बांधाच्या दिशेनं चालू लागल्या.