मानाचा केक

दक्षिण समुद्रातल्या सवाई बेटाच्या बंदरावर, शेजारच्या उपोलू बेटावरून येणारी फेरीबोट जिथे धक्क्याला लागते, तिथे एलेकानाचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे निळ्या पत्र्याची एक खोली, एक कुरकुरता पंखा आणि एक खुर्ची. त्या खुर्चीत बसलेला माणूस फोटोत हमखास परलोकवासी दिसायचा. म्हणून एलेकाना खुर्चीतल्यापेक्षा लग्नातले फोटो जास्त काढायचा, आणि लग्नातही माणसांपेक्षा जेवणाचे जास्त. तरुणपणी तो ऑकलंडला हॉटेलांच्या मेनूकार्डांचे फोटो काढणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली राहून आला होता. तिथून आपण कॅमेरा जुनाच आणला पण अक्कल नवी आणली, असं तो स्वतःच सांगायचा.

ही अक्कल तो फुकट वाटायचा. भाजलेल्या डुकराच्या पाठीला सोया सॉस आणि खोबरेल चोपडा, कातडी आरशासारखी चमकते. एकदा तर एका नवरीनं त्या पाठीत बघून केसांतलं फूल सारखं केलं होतं. तारोच्या उकडलेल्या कंदातून वाफ निघताना दिसायला हवी ना, मग ओला कापूस तापवून तारोच्या मागे दडवा. मलई उन्हात टिकत नाही, तिथे दाढीचा फेस लावा. नवऱ्याकडच्या आत्यांचे फोटो सगळ्यांत आधी काढा. नवरानवरी थांबतात, आत्या थांबत नाहीत. आणि सगळ्यांत कडक नियम: तोंडात घास असलेल्या माणसाचा फोटो जन्मात काढायचा नाही.

"जेवण सुंदर असतं," तो म्हणायचा, "जेवणारा नसतो."

त्याला लहानाचा मोठा केला तो तिलेसा मावशीनं. आख्ख्या किनाऱ्यावर लग्नाचा केक करावा तर तिलेसानं. ती लोणी घालायला लागली की बेटावरच्या गाई आपापसांत बघायच्या. तिचा एक केक उचलायला दोन धडधाकट पोरी लागत, आणि त्याही वाटेत एकदा टेकत. "केक डोळ्यांनी ओळखायचा नसतो," मावशी म्हणायची. "हातात घे. हाताला ओझं झालं नाही, तर तो माझा नव्हे."

आता केक म्हणजे कापून खायची वस्तू असं कुणी समजत असेल, तर तो आमच्याकडच्या लग्नाला आलेला नाही. इथे केक मांडवात चढत्या स्टँडांवर मांडतात, आणि मग एकेक केक अख्खाच्या अख्खा एकेका मानकऱ्याच्या नावानं पुकारून त्याच्या पुढ्यात ठेवतात. मानकरी तो घरी नेतो. नेऊन खातो असंही नाही. परवा कुणाच्या मयताला जायचं असतं, तेरवा कुणाच्या घरभरणीला. रिकाम्या हातानं कसं जायचं? केक पुढे चालू लागतो.

तर लेआपाईच्या मुलीचं लग्न निघालं. लेआपाई म्हणजे गावाचं तोंड. कुठल्याही समारंभात काठीवर रेलून गावाच्या वतीनं बोलायचं काम त्याच्या घराण्याकडे. तो बोलायला उभा राहिला की भरती येऊन ओहोटी लागायची. मावशीनं त्याच्या मुलीसाठी केक केले, आणि सगळ्यांत मोठा, मधोमध मांडायचा, तो गावच्या चर्चच्या पाळकबाबा इलाइयांच्या मानाचा.

एलेकानाला त्या केकाचा कोवळ्या उन्हातला फोटो हवा होता. मावशीला न सांगता त्यानं सकाळीच तो पिकअपमध्ये घातला, किनाऱ्यावर नेला आणि काळ्या खडकावर ठेवला. मागे समुद्र, वर सोनेरी उजेड. डोळा कॅमेऱ्याला लावून तो मागे मागे सरकत गेला, तर चौकटीत एक डुक्कर आलं.

खरा फोटोग्राफर. आधी त्यानं फोटो काढला, मग ओरडला. तोवर केकाची एक बाजू गेली होती, आणि तो खडकापर्यंत पोचेतो दुसरी. त्या डुकरानं पुढे आयुष्यात नारळाला तोंड लावलं नाही. लग्नाची गाणी कानावर आली की ते समुद्रात डुंबून, स्वच्छ होऊन मांडवाच्या दाराशी येऊन बसायचं म्हणतात.

एलेकाना तिथल्या तिथे वाळूत बसला. मांडवात मधली जागा रिकामी दिसली तर पहिला प्रश्न मावशीला येणार. तिलेसाचे हात थकले, तिलेसाकडून पाळकांचा केक झाला नाही, हे पंगत उठायच्या आत ऑकलंडपर्यंत पोचणार. या बाईनं आयुष्यात दुसरं काही मिळवलं नव्हतं. एक नाव मिळवलं होतं. आणि ते यानं डुकराला घातलं होतं.

मग ऑकलंडची अक्कल कामाला आली. मासळीबाजारामागून त्यानं ट्यूना पाठवायची थर्मोकोलची पेटी उचलली आणि तिचे गोल तुकडे कापून चिकटवले. केक मांडवात पोचवताना डागडुजीला लागेल म्हणून मावशीनं आदल्या रात्रीच देऊन ठेवलेलं पातेलंभर आयसिंग वर थापलं. गुलाब काढले. माशाचा वास येत होता म्हणून व्हॅनिलाची अख्खी बाटली ओतली. मागे सरून बघितलं, तर खऱ्यापेक्षा देखणा! आधी फोटो, मग गर्दीत गुपचूप मागच्या दारानं नेऊन तोडून टाकायचा, असा बेत ठरला.

दुपारी ऊन असं तापलं की मावशीचे केक जेवून सुस्तावलेल्या आत्यांसारखे एका कुशीवर कलले. मधला तेवढा पलटणीतल्या शिपायासारखा ताठ. एलेकानानं आयुष्यातला सर्वांत सुरेख फोटो काढला आणि तिथूनच फेसबुकवर टाकला. ब्रिस्बेनपासून ऑकलंडपर्यंत नातेवाईक हळहळले, की आपण तिथे नव्हतो.

तो कॅमेरा खाली ठेवतो न ठेवतो तोच लेआपाईनं काठी आपटली.

"पाळकबाबा इलाइयांचा मान! मधला केक!"

दोन पोरी पुढे झाल्या. एलेकाना त्यांना आडवा आला. "सरा गं! हा मी नेतो. तुमच्यानं पेलायचा नाही." आणि वाऱ्यानं उडेल अशी ती वस्तू त्यानं गुडघे वाकवून, दात-ओठ खाऊन, कण्हत कुथत पाळकबाबांपुढे नेली. वाटेत एकदा टेकलासुद्धा.

पाळकबाबांनी दोन्ही हातांनी केक घेतला. क्षणभर त्यांचे हात नको तितके वर गेले. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि हळूहळू त्यांची पाठ वाकली. पाळकीणबाईंनी लगबगीनं दुसरी बाजू धरली. दोघं नवराबायको धापा टाकत तो घरी घेऊन गेली.

फसले, एलेकानाच्या मनात आलं. आता कापायच्या आत परत आणला की झालं.

दुसऱ्या सकाळी तो कॅमेरा घेऊन पाळकांच्या घरी हजर. "पाळकबाबा, मानाच्या केकाचा घरातला एक फोटो राहिला होता."

"अरेरे," पाळकबाबा म्हणाले, "जरा आधी यायचंस. आपले डीकन आजारी आहेत ना, त्यांना पाठवला. आम्हाला म्हातारा-म्हातारीला कापवेना रे. इतका देखणा. बस, चहा घे."

दिलेला मान परत मागायचा, तर त्यापेक्षा बंदरात उडी मारलेली बरी. तो बसला, चहा प्याला, आणि डीकनच्या घरी पळाला. डीकन पलंगावर बसून डोळे पुसत होते.

"गेला रे केक. माझा मेव्हणा वारला उपोलूला, त्याच्या घरी दिला पाठवून. चार माणसं लागली फेरीवर चढवायला! माझ्या मधल्या मुलाच्या तर कमरेत उसण भरली."

"कमरेत?"

"मग? तुझ्या मावशीच्या हातचा केक तो. बस, पालुसामी खा."

नारळाच्या दुधात शिजवलेल्या पानांची ती पालुसामी खावी लागली. मग फेरी. फेरीवर खलाशी सांगायला लागला, की आधीच्या फेरीत एका केकाला खिडकीजवळची जागा दिली होती आणि एक म्हातारी त्याच्यासाठी उभी राहिली होती. उपोलूला मयताच्या घरी पोचला, तर केक शाळेच्या हेडमास्तरांकडे गेलेला. हेडमास्तरांकडून नौकांच्या शर्यतीला, तिथून कुणाच्या घरभरणीला. सगळीकडे तो एक पाऊल मागे. सगळीकडे तेच. तो पाहुणा म्हणून बसे, पोट फुटेतो जेवे, आणि केक उचलताना कोणाची पाठ कशी धरली ते ऐके. दोनदा तर त्याला तो लांबून दिसला. माणसं वाकून वाकून नेत होती. आणि नवल म्हणजे केकाला उतारच नव्हता. घरागणिक त्याच्यावर आयसिंगचा नवा हात फिरलेला, कुठे नवं फूल, कुठे ताजी व्हॅनिला.

नशीब म्हणायचं आपलं, एलेकाना स्वतःला सांगायचा. कुणीतरी हौशी बायका दिसतायत. तरी प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर त्याला वाटायचं, आता संपलं. आत सुरी लागली असेल, पांढरा भुगा उडाला असेल, आणि कुणीतरी मावशीचं नाव घेऊन थुंकलं असेल.

अशात गावच्या चर्चच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन आलं. एलेकाना फोटो काढायला उभा होता. भाषणं झाली, मानाच्या चटया दिल्या-घेतल्या गेल्या, आणि चार पुरुष वाकत, हाशहुश करत केक घेऊन आत आले. गुलाब दुप्पट झाले होते. फिरत फिरत तो लेआपाईकडे आला होता.

लेआपाईनं काठी टेकली. यावेळी तो आश्चर्य वाटावं इतकं थोडं बोलला. "तिलेसानं सगळ्या गावाला केक दिले. तिलेसाला कुणी दिला नाही. हा तिचा मान."

एलेकानानं कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. मावशी उठली. पदराला नव्हे, नेसूच्या लावालावाला हात पुसून पुढे गेली. खाली वाकली. आणि चौघांनी आणलेला केक तिनं एका तळहातावर, चहाची बशी उचलावी तसा उचलला.

सभागृहात सगळ्यांना एकदम छत बघायची इच्छा झाली. पाळकबाबा तर पंख्याची पाती मोजत होते. हसलं कुणीच नाही. एलेकानाला तेव्हा कळलं, की या बेटावर ही गोष्ट माहीत नसलेला माणूस एकच होता, आणि त्याच्या गळ्यात कॅमेरा होता.

"बघत काय राहिलास?" मावशी म्हणाली. "काढ की फोटो."

घरी आल्यावर मावशीनं केक टेबलावर ठेवला. तो जरासा उसळला.

"तुला आज कळलं?" एलेकानानं खाली मान घालून विचारलं.

"आज? तू फोटो टाकलास त्याच दिवशी. माझे सगळे केक उन्हानं वाकलेले आणि एक दीडशहाणा ताठ उभा. माझं लोणी ताठ राहत नाही, मेल्या."

"मग मला धरून मारायचंस ना? मी जीव मुठीत धरून फिरतोय!"

"फिरू दे म्हटलं. पोट सुटलंय तुझं."

"मावशी, पण लोक कसे काही बोलले नाहीत?"

"काय बोलणार? लेआपाईनं भर मांडवात मान दिला. पाळकबाबा म्हणणार, हा थर्मोकोल आहे? मग लेआपाईची मान खाली, त्याच्या लेकीची खाली, माझी खाली. त्यापेक्षा पाठ वाकवली बिचाऱ्यांनी. फिलेमूनं तर घरच्या साखरेनं आयसिंग केलं." फिलेमू म्हणजे पाळकीणबाई. मावशीचा आवाज थोडा जड झाला. "माझं नाव वाहत होती रे माणसं घरोघर. आणि आता हे नाटक पुरे, असं लेआपाईनं मला सांगितलं, केक माझ्याच पुढ्यात ठेवून. दुसरं कसं सांगणार?"

एलेकानानं टेबलावरचा केक बाजूला सरकवला.

"मैदा चाळायला घे," मावशी म्हणाली. "जिथे जिथे हा गेला, तिथे तिथे खरा जाईल. आणि नेशील तू. एकट्यानं."

पहिला केक पाळकांच्या घरी. एलेकाना पोचला तेव्हा त्याचे दोन्ही खांदे उतरले होते आणि तो खरंच कण्हत होता. पाळकबाबांनी त्याच्याकडे मोठ्या कौतुकानं पाहिलं. पोरगं अजून नाटक करतंय! त्यांनीही सवयीप्रमाणे पाठ वाकवली, चेहऱ्यावर कष्ट आणले, आणि हातांत काडीचाही जोर न घालता केक घेतला.

केकासकट ते चटईवर बसले.

"फिलेमू!" ते बसल्या जागेवरून ओरडले. "अगं, खरा आहे! सुरी आण!"

आणि आमच्याकडे कधी होत नाही ते झालं. मानाचा केक दारातच कापला. पाळकीणबाईंनी लोण्याचा वास घेतला आणि डोळे मिटले. पाळकबाबांचे दोन्ही गाल फुगले, मिशीला आयसिंग लागलं.

"काढ फोटो," ते भरल्या तोंडानं म्हणाले.

"गिळा तर आधी, पाळकबाबा. तोंडात घास असताना मी फोटो..."

"अरे गाढवा, म्हणून तर काढ! नाहीतर तुझ्या फोटोवर आता विश्वास कोण ठेवणार?"

एलेकानानं काढला. हलला, उजेड चुकला, पाळकबाबांचा एक डोळा बंद आला. पण त्या आठवड्यात मावशीकडे केक सांगायला माणसांची रांग बंदरापर्यंत गेली.

तो फोटो आज स्टुडिओत खुर्चीच्या वर लावलेला आहे. थर्मोकोलची चकती मावशीकडे असते, तिच्यावर मांजर झोपतं. एलेकाना अजून लग्नांचे फोटो काढतो आणि अजून अक्कल वाटतो, फक्त एका नियमाबद्दल तो बोलत नाही. आत्या आजही सगळ्यांत आधी फोटोला उभ्या राहतात. फरक इतकाच, की आता त्या तोंडात केक कोंबून येतात, आणि एलेकानानं बटण दाबेपर्यंत गिळत नाहीत.