चोवीस तास आधी

एजंट चिंतामणी पहिल्यांदा स्वतःच्या चावीने दार उघडून आत आला, तेव्हा यशोधरा हॉलमध्ये ओले केस पुसत उभी होती. रविवारची सकाळ, साडेदहाचा सुमार. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या आणि नवरा धम्मदीप खाली मटण आणायला. लॅच खट्कन उघडलं आणि पायांतल्या चपला न काढता चिंतामणी सरळ स्वयंपाकघराकडे निघाला.

"इन्स्पेक्शन," तो म्हणाला. "मालकीणबाईंनी सांगितलंय. तुम्ही चालू द्या तुमचं."

यशोधराने टॉवेल खांद्यावर ओढून घेतला. काय बोलावं हे सुचेपर्यंत त्याने ट्रॉल्या ओढून पाहिल्या, गॅसखाली वाकून पाहिलं, मोबाईल काढून ओट्याचा फोटो घेतला. जाताना हॉलच्या भिंतीसमोर थांबला. तिथे बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा असे दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते.

"भिंतीला खिळे मारलेत," एवढंच बोलून तो गेला.

पगारे कुटुंब बदलापूरच्या या फ्लॅटमध्ये येऊन तेव्हा दोन महिने झाले होते. साल २००७. त्याआधी धम्मदीपचा सगळा जन्म उल्हासनगर कॅम्प चारमधल्या दीड खोलीत गेला. तो अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर होता. यशोधरा उल्हासनगरला कोर्टाबाहेरच्या एका दुकानात कॉम्प्युटरवर टायपिंग करायची. प्रतिज्ञापत्रं, करारनामे, नोटिसा असं काय काय. हा फ्लॅट मिळण्याआधी त्यांनी सात घरं पाहिली होती. सातही ठिकाणी बोलणं व्यवस्थित व्हायचं, आडनाव सांगितलं की मालकाच्या भाच्याला अचानक ती जागा हवी असायची. आठवं घर मिळालं, तेव्हा धम्मदीपने कंपनीत पेढे वाटले. म्हणून पहिल्या इन्स्पेक्शननंतर तो बायकोला म्हणाला, "जाऊ दे. एकदा येऊन गेला ना? आता नाही यायचा."

पण तो येतच राहिला. पुढच्या महिन्यात दोनदा, त्यापुढच्या महिन्यात चारदा. येण्याची वेळही आता बदलली. तो आठवड्यातल्या दुपारी यायचा, घरात सरस्वतीबाई एकट्या असताना.

सरस्वतीबाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. यशोधराला कळलं ते वेगळ्याच गोष्टींवरून. सासूबाई सकाळपासून इस्त्रीचं पातळ नेसून बसायला लागल्या. दुपारची झोप बंद झाली. सुकट आणलेली पिशवी तीन डब्यांच्या आत दडवलेली सापडली. आणि एका गुरुवारी यशोधरा कामावरून आली तर हॉलची भिंत रिकामी. दोन खिळे तेवढे होते.

"आई, फोटो कुठंत?"

"कपाटात ठेवलेत."

"का?"

सरस्वतीबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो येतो, बघत उभा राहतो. काल म्हणाला, बिल्डिंगमधले लोक विचारतात. उगाच कशाला, यशू. धम्माला किती फिरावं लागलं घरासाठी."

"काल? काल पण आलेला?"

"येतो की. माझी ट्रंक उघडायला लावली परवा. म्हणे लाकडाला वाळवी लागली का बघायचंय. ट्रंक पत्र्याची आहे माझी."

यशोधरा खाली बसली. ही बाई तिने अशी कधी पाहिली नव्हती. सरस्वतीबाईंनी कॅम्प चारमधल्या जीन्सच्या कारखान्यात बावीस वर्षं धागे कापले, काजं केली. नऊ वर्षांच्या असताना बापाच्या खांद्यावर बसून त्या छप्पन सालची नागपूरची गर्दी पाहून आल्या होत्या, आणि ती हकिगत त्या कुणालाही, अगदी सिंधी शेठच्या आईलासुद्धा, न लाजता सांगायच्या. त्याच बाईने आज स्वतःच्या हाताने ते फोटो उतरवले होते.

यशोधराने कपाट उघडलं, दोन्ही फोटो पदराने पुसले आणि परत खिळ्यांना लावले.

"उद्या आला तर?" सासूबाईंनी विचारलं.

"बघू या."

दुसऱ्या दिवशी दुकानात जेवणाच्या सुट्टीत तिने पर्समधून स्वतःच्या घराचं अग्रीमेंट काढलं. असली अग्रीमेंटं तिने शेकड्याने टाईप केली होती. अकरा महिन्यांचा करार, तीच वाक्यं, फक्त नावं आणि पत्ते बदलायचे. बोटांना पाठ, पण डोळ्यांनी कधी नीट वाचलेलं नाही. स्वतःच्यावर तर धम्मदीपने दाखवलं तिथे सही करून ती मोकळी झाली होती. आता डबा बाजूला ठेवून तिने एकेक कलम बोट ठेवून वाचलं. नववं कलम आलं तशी ती थांबली. मालकाला किंवा त्याच्या माणसाला जागा पाहता येईल, पण चोवीस तास आधी लेखी कळवून आणि दिवसाच्या योग्य वेळी.

तिला आधी स्वतःचीच लाज वाटली आणि मग हसू आलं. हे वाक्य तिने या आठवड्यातच तीनदा टाईप केलं होतं.

तिने लगेच नवी फाईल उघडली. पत्र एक पानाचं झालं. कोणत्या तारखेला एजंट न कळवता आले, कोणत्या तारखेला घरात ज्येष्ठ स्त्री एकटी असताना स्वतःच्या चावीने आत शिरले, कोणाची ट्रंक उघडायला लावली. रागाचा एकही शब्द तिने घातला नाही. शेवटी नववं कलम जसंच्या तसं. एक प्रत चिंतामणीला, एक मालकीणबाईंना नाशिकला रजिस्टर पोस्टाने. दुकानाच्या वकीलसाहेबांनी चष्म्यावरून पत्र वाचलं आणि विचारलं, "हे कोणी ड्राफ्ट केलं?"

"मीच."

"स्वल्पविराम पण बदलू नका," ते म्हणाले.

धम्मदीपने मात्र पत्र वाचून विचारलं, "घर खाली करा म्हणाले तर?"

"तर आणखी सात बघू. पण आईने परत फोटो उतरवलेले मला नाही चालणार."

त्याने आईकडे पाहिलं. मग टेबलावरचं पेन उचलून यशोधराच्या सहीशेजारी स्वतःची सही केली.

पत्र पोहोचलं असावं, कारण मंगळवारी दुपारी चिंतामणी तणतणत आला. सरस्वतीबाईंनी आतून कडी घातली होती. किल्ली फिरली, दार हललं नाही. मग तो दार ठोठावायला लागला.

"मावशी, दार उघडा!"

सरस्वतीबाईंनी शेजारची छोटी खिडकी उघडली. "कोण पाहिजे?"

"कोण पाहिजे म्हणजे? मी! इन्स्पेक्शन आहे."

"चिठ्ठी आणलीय?"

"कसली चिठ्ठी?"

"चोवीस तास आधीची."

खालच्या मजल्यावरच्या सुंदराबाई आवाज ऐकून जिन्यात आल्या. त्यांच्यामागे आणखी दोघीतिघी. सुंदराबाईही भाडेकरूच होत्या आणि त्यांच्याकडेही हाच मनुष्य याच पद्धतीने यायचा, हे सरस्वतीबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"मालकीणबाईंचा हुकूम आहे," चिंतामणी म्हणाला. "तुम्हाला घर मी दिलंय, विसरू नका. कुणी देत नव्हतं तुम्हाला."

सरस्वतीबाईंचा आवाज चढला नाही. "घर तुम्ही दिलं नाही, दाखवलं. भाडं आम्ही देतो. बावीस वर्षं कारखान्यात होते मी. शेठ माझी पिशवी तपासायचा, तेव्हा गेटवर तपासायचा, सगळ्या बायांची तपासायचा, आणि आधी म्हणायचा, अम्मा, बैग दिखाओ. तो मालक होता. तुम्ही कोण?"

जिन्यात कुणीतरी हसलं. चिंतामणीचं तोंड लाल झालं.

"बघून घेतो मी!"

"बघा की. पण चिठ्ठी देऊन बघा." आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी यशोधरा घरी आली तर सासूबाई साध्या सुती पातळात पंख्याखाली पाय पसरून बसल्या होत्या. चहा त्यांनी कुणाला करू दिला नाही.

शुक्रवारी नाशिकहून फोन आला. मालकीण वृंदाताई बोलत होत्या. त्यांचे यजमान दिनानाथ अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. निवृत्त झाल्यावर दोघं मुलाकडे राहायला गेले होते.

"तुमचं पत्र वाचलं," त्या जरा अवघडून म्हणाल्या. "मी त्यांना वर्षातून एकदा बघा म्हटलं होतं. ते मला सांगतात की घराची फार वाट लागलीय, भाडेकरू बदलू या."

यशोधराला सगळं लख्ख दिसलं. भाडेकरू बदलला की एजंटची दलाली नव्याने निघणार. "तुम्ही स्वतः येऊन बघा ना," ती म्हणाली.

"रविवारी अकराला आलं तर चालेल? आज शुक्रवार आहे. चोवीस तासांपेक्षा जास्त होतात."

"या. जेवायलाच या."

रविवारी सकाळी धम्मदीपने विचारलं, "आज साधं वरणभात करू या का?" यशोधराने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो पिशवी घेऊन नेहमीप्रमाणे मटण आणायला गेला.

अकराला पाच मिनिटं कमी असताना बेल वाजली. वृंदाताई आणि दिनानाथ दारातच चपला काढून आत आले. यशोधराने त्यांना एकेक खोली दाखवली. ओटा आरशासारखा होता. खिडक्यांना धम्मदीपने स्वतः रंग दिला होता. मोरीचं तुटलेलं दार त्याने कंपनीतून सुटल्यावर दोन संध्याकाळी खपून बसवलं होतं.

"आणि हे बघा," यशोधरा बाथरूमच्या छताकडे बोट दाखवत म्हणाली. वरच्या मजल्यावरून पाणी झिरपून मोठा ओला डाग पडला होता, प्लास्टर फुगलं होतं. "पावसाळ्यापासून आहे. मी एजंटना चारदा सांगितलं."

दिनानाथ मान वर करून बराच वेळ बघत राहिले. "इतक्या वेळा येऊन गेला आणि हे नाही दिसलं त्याला?"

"त्यांना आमच्या ट्रंका बघायच्या असायच्या," सरस्वतीबाई मागून म्हणाल्या.

हॉलमध्ये वृंदाताई फोटोंसमोर थांबल्या. यशोधरा जागची हलली नाही. वृंदाताईंनी भिंतीकडे पाहिलं, मग सरस्वतीबाईंकडे, आणि म्हणाल्या, "खिळे मारल्याचा फोटो पाठवला होता त्यांनी मला. खिळ्यांचाच. त्यांना काय लावलंय ते दिसत नव्हतं त्यात." त्या खुर्चीत बसल्या. उपास असल्याचं सांगून त्यांनी जेवण टाळलं. चहा मात्र घेतला. दिनानाथ जेवले आणि रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला.

मग त्यांनी चिंतामणीला फोन करून वर बोलावलं. तो आला, पायांतल्या चपला बाहेर ठेवून. दिनानाथांनी हात पुढे केला. "चावी."

"साहेब, इमर्जन्सीला एक—"

"चावी द्या. इमर्जन्सीला हे लोक आहेत घरात. आणि वरच्या मजल्याचा प्लंबर उद्या आणायचा, यांना वेळ विचारून."

त्याने जुडग्यातून चावी सोडवून दिली. दिनानाथांनी ती यशोधराच्या हातात ठेवली.

करार संपला तेव्हा नवा करार झाला, एजंटशिवाय. तो यशोधराने स्वतः टाईप केला. नववं कलम तिने ठळक अक्षरात घेतलं आणि खाली एक ओळ वाढवली की दुसरी चावी भाडेकरूकडेच राहील. वृंदाताईंनी वाचून सही केली. सुंदराबाईंनी वर येऊन पत्राची एक प्रत मागून नेली. मग त्यांच्या ओळखीने बिल्डिंगमधले आणखी तिघे आले. चिंतामणीचं ऑफिस अजून कोपऱ्यावर आहे. तो समोरून दिसला तर यशोधरा रस्ता बदलत नाही. तोच मोबाईल कानाला लावतो.

दिवाळीनंतर सरस्वतीबाईंची धाकटी बहीण गोदू कॅम्प चारमधून चार दिवस राहायला आली. पहिल्याच दुपारी सरस्वतीबाईंनी तिला खिडकीशी नेलं.

"इथून बोलले मी. तो तिकडं, मी इकडं. म्हटलं, तुम्ही कोण? सगळा जिना भरला होता गं. पंधरा माणसं होती उभी."

स्वयंपाकघरात यशोधरा पोळ्या लाटत होती. त्या दिवशी जिन्यात चौघीजणी होत्या, हे तिला सुंदराबाईंनी कधीच सांगितलं होतं.

"आई," तिने आतून आवाज दिला, "पंधरा नाही, वीस होती!"