जीवघटाचं दार

भट्टीतून घट बाहेर आला आणि यान शूला वाटलं, ह्याला आपलीच दृष्ट लागायची. राखेची झिलई अशी हिरवी उतरली होती, की खोल पाण्यात वाकून बघतोय असं वाटावं. घटाच्या खांद्यावर मजल्यांचं घर, वेशीपाशी कुत्रा, आणि वर त्याच्या बायकोनं, लिउनं, एकेक करून चिकटवलेल्या चिमण्यांची झुंबड. सगळं जिथल्या तिथं होतं. नव्हतं फक्त दार. घटाच्या पोटाला पाडलेलं बोटभर भोक ओघळलेल्या झिलईनं पार बुजलं होतं.

बुडालेल्याचं प्रेत सापडलं नाही, की पुरायचा तो हा जीवघटच. हाक मारली की जीव भोकातून आत शिरतो आणि घरी आल्यासारखा निजतो. पेइमावशीचा लेक आकुई नदीच्या भरतीत वाहून गेला होता. उद्या त्याची माती होती.

"झिलई एवढी दाट कुणी लावली?" यान शू पुटपुटला.

"तुम्हीच! पातळ करा म्हटलं, तर म्हणालात, तू तुझ्या चिमण्या सांभाळ."

"छिन्नीनं उघडतो."

"आणि तडकला म्हणजे? पुढची भट्टी महिन्यानं. गप बसा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

लिउ काही वाईट नव्हती. म्हातारीला रिकाम्या हातानं परत धाडायचं तिच्या जिवावर आलं होतं, एवढंच.

तेवढ्यात पेइमावशी आलीच. डोळ्यांनी अधू, म्हणून तिनं घट हातांनीच पाहिला. चिमण्यांवरून बोटं फिरवली.

"किती गं गोड केल्यास लिउ! दाखवतील ना वाट त्याला?"

म्हातारी घटाला तोंड लावून हळूच म्हणाली, "आकुई, ये रे बाबा. निघताना रागावले ते विसर. बाहेर गारठ्यात नको उभा राहूस, आत ये."

यान शूच्या मनात आलं, ही जन्मभर समजणार लेक आत निजलाय, आणि तो बिचारा बाहेर भिंत चाचपडत फिरणार! असली हिरवाई काय जाळायचीय?

"मावशी, दार बुजलंय. चूक माझी. फोडून उघडता येईल, पण घट हातात राहील याचा भरवसा नाही."

लिउनं कपाळाला हात लावला. मावशीनं बुजलेली जागा बोटांनी चाचपली.

"फुटला तर उद्या मी काय पुरू रे?"



मग तिनं घट मांडीवर ओढला आणि दोन्ही हातांनी कवटाळला. "मार. मी धरलाय."

त्यानं छिन्नी टेकवली. टक. टक. तिसऱ्या ठोक्याला तळहाताएवढी खापरी निखळून पडली आणि एक चीर सरसरत वर गेली. ती चिमण्यांच्या पायाशी थांबली. घट वाचला, पण बोटभर दाराचं वेडंवाकडं भगदाड झालं होतं. सबंध आयुष्यात उतरलेली सगळ्यात सुंदर झिलई, आणि तिची ही दशा! यान शूला मान वर करवेना.

मावशीनं भगदाडात हात घातला. तो मनगटापर्यंत आत गेला. ती हसली, आणि हसता हसताच रडू लागली.

"बरं झालं बाबा. माझा आकुई अंगानं हा एवढा! तुझ्या त्या बोटभर दारातून कुठला आत येतोय!"