बाहेर ऐकू येतं का?

दमयंतीने रेकॉर्डिंग पुन्हा थांबवलं आणि हेडफोन गळ्यात ओढले.

"काका, अजून मोठ्याने."

"मोठ्यानेच वाजवतोय," ओताकार म्हणाले आणि क्लॅरिनेट पुसत बसले.

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ती एक खोली भाड्याने घेऊन राहत होती. तिथेही ते असेच वाजवत, कुणाची झोप मोडू नये इतपत. शेजाऱ्यांमुळे असेल, असं समजून तिने विद्यापीठातली ही खोली मिळवली होती. भिंतींना, छताला फोमच्या टोकदार पाचरी. इथला आवाज भिंतीवरून परत येत नाही आणि बाहेरही जात नाही.

फिनलंडमध्ये संगीत शिकण्याच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांचं रेकॉर्डिंग आजच पाठवायचं होतं. गेल्या वर्षीचं 'आवाज फार क्षीण' म्हणून नाकारलं गेलं होतं. वयाची मर्यादा सत्तर, आणि पुढच्या महिन्यात ओताकार सत्तर पूर्ण करणार होते. प्रागमधलं संगीताचं शिक्षण अर्धं टाकून ते देशाबाहेर पडले, ते अर्धंच राहिलं होतं.

खोलीची किल्ली तिच्याबरोबर ध्वनिशास्त्र शिकणाऱ्या अनिशकडे होती. तो दारातून डोकावून मराठीत म्हणाला,

"दमे, तासाभरात आटपते म्हणाली होतीस. माझा स्पीकर चाचणीसाठी कधीचा ताटकळतोय."

"ताटकळू दे. त्याला वयोमर्यादा नाहीये."

"काय म्हणतोय तो?" ओताकारनी विचारलं.

"मोठ्याने वाजवा म्हणतोय."

ते हसले नाहीत. उठून त्यांनी एका पाचरीवर तळवा ठेवला.

"प्रागला बंदी असलेलं संगीत चोरून वाजवायला आम्ही तळघरात भिंतींना गाद्या लावल्या होत्या. तरी कुणीतरी ऐकलं. मी सिगारेट आणायला गेलो होतो. परत आलो तर बाकीच्यांना पोलिसांच्या गाडीत बसवत होते." त्यांनी हात काढून घेतला. "इथून खरंच काही बाहेर जात नाही?"

"नाही. मी स्वतः मोजलंय."

"मग बाहेर जाऊन ऐक. दार लाव."

तिने सुस्कारा सोडला, रेकॉर्डर चालू केला आणि बाहेर जाऊन दाराला कान लावला.

"काय वाजवतायत?" अनिशने विचारलं.

"काय माहीत. काहीच येत नाहीये."

बऱ्याच वेळाने ओताकारनीच दार ढकललं. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. तिने रेकॉर्डर पाहिला. आवाज मर्यादेबाहेर गेल्याचा लाल दिवा पेटलेला होता. त्यांच्या हळू वाजवण्यासाठी तिनेच माइकची पातळी शेवटपर्यंत चढवली होती. पहिल्या सुरापासून सगळा आवाज फाटला होता.

"माझी चूक," ती बटण खाली फिरवत म्हणाली. "पुन्हा वाजवावं लागेल. अगदी आत्तासारखं."

"बाहेर ऐकू आलं?"

"अजिबात नाही."

ते परत आत जाऊन मधोमध उभे राहिले.

"मग या वेळी दार उघडं ठेव."

"काका, दार उघडंच ठेवायचं तर या खोलीचा उपयोग काय?"

त्यांनी क्लॅरिनेट ओठांना लावली होती. जड दार आपोआप मिटत येत होतं. दमयंतीने त्याला पाठ टेकवली आणि तशीच उभी राहिली.