राधीचा थांबा

राधी थांबली.

लगाम ओढला नव्हता, कुणी हाकही मारली नव्हती. पिंपळाखालच्या दारूभट्टीपुढे, जिथं फुटाणेवाली टोपली मांडून बसते, नेमकी तिथं घोडी आपल्या मनानं आली, चारही पाय रोवले आणि मान वळवून मागे पाहू लागली.

"चाल वं राधी," टांग्यावरून डोमाजी म्हणाला. "चाल ना वं!"

राधीनं कान हलवले. पाय नाही हलवले.

भट्टीच्या ओट्यावरून डोमाजीचा पिण्यातला जुना सोबती ताराचंद ओरडला, "अरे डोमाजी! आज घरची लक्ष्मी घेऊन आला काय गा? या, या! तिच्यासाठी चटई टाकतो!"

ओट्यावर हशा पिकला. टांग्यात मागे, पाठमोरी, गाठोडं मांडीवर घेऊन प्रयागबाई बसली होती. वर्षभर उमरेडला भावाकडे हातमागावर बसून तिनं दिवस काढले होते आणि आज नवऱ्याच्या शब्दावर परत आली होती. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"रामनवमीपासून सोडली म्हणत होते ना तुमी? गळ्यातली माळ धरून सांगतलं म्हणे माया भावाले."

"सोडलीच आहे वं. या माळेची आण. थेंब नाही घेतला."

"मंग हे काहून थांबली?"

डोमाजीनं पुन्हा लगाम झटकला.

"तुमची जीभ लय वर्षांपासून खोटं बोलते," प्रयागबाई खाली उतरत म्हणाली. "घोडीले खोटं बोलता येत नाही."

आणि गाठोडं काखेला मारून ती आल्या वाटेनं स्टेशनाकडे चालू लागली. डोमाजीनं टांगा वळवला. ती चालते आहे आणि तिच्या शेजारून तिच्याच नवऱ्याचा रिकामा टांगा हळूहळू चालला आहे, असं इतवारी पेठेतल्या लोकांनी त्या दिवशी पाहिलं. ती बसली नाही. उमरेडच्या गाडीत चढली तेव्हा मात्र एवढं म्हणाली, "जवा हे घोडी त्या जागी थांबणार नाही, तवा सांगा. येईन मी."

खरं म्हणजे डोमाजी खोटं बोलला नव्हता. रामनवमीला महादेवबुवांच्या कीर्तनात तो असाच, बाहेर टांगा लावून, दाराशी टेकून उभा होता. बुवांनी अभंग उचलला, झांजा वाजू लागल्या आणि का कोण जाणे, या आडदांड माणसाला रडू फुटलं. कीर्तन संपल्यावर त्यानं बुवांच्या हातून तुळशीची माळ घातली. त्या दिवसापासून प्यायची नाही हे ठरलं होतं आणि ठरलं ते पाळलंही होतं. फक्त त्या रस्त्यानं तो गेलाच नव्हता. तलावावरून लांबचा वळसा घेऊन घरी जायचा. आज तिकडे नळासाठी रस्ता खणलेला, म्हणून नाइलाजानं जुनी वाट धरली, आणि राधीनं घात केला.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम भट्टीवरून गेला. राधी थांबली. त्यानं चाबूक काढला. इतक्या वर्षांत तो नुसता हवेत वाजवायचा चाबूक. त्या दिवशी राधीच्या पाठीवर वळ उठले. ती थरथरली, डोळे पांढरे केले, पण जागची हलली नाही. शेवटी लगाम धरून ओढत नेली. घरी आल्यावर त्यानं वळांवर हळद-तेल लावलं.

संध्याकाळी तो मारुतीच्या देवळात गेला. महादेवबुवा मंडपात फेटा बांधत बसले होते.

"बुवा, मी बदललो. घोडी नाही बदलून राहिली."

सगळं ऐकून बुवा हसले. "मारलंस तिला?"

डोमाजीनं मान खाली घातली.

"अरे, तिला त्या भट्टीत काय मिळत होतं?"

"तिले काय मिळणार? मी पीत होतो. खुशीत आलो का तिले मूठभर फुटाणे अन् गुळाचा खडा..."

बोलता बोलता डोमाजी थांबला.

"म्हणजे तुला तुझं मिळत होतं, तिला तिचं," बुवा म्हणाले. "ती दारूपुढे नाही थांबत बाबा, ती तुझ्या प्रेमापुढे थांबते. मारशील तर मारही लक्षात ठेवील, गूळही विसरायची नाही. माझंच पाहा. तपकीर सोडून कितीतरी वर्षं झाली. तरी पूर्वरंग संपला, नामाचा गजर सुरू झाला, की ही बोटं आपोआप कमरेला डबी शोधतात. पाहिलंस की नाही?"

पाहिलं होतं. डोमाजीला वाटायचं, बुवा कंबर धरतात.

"गवतातली पायवाट पुसावी म्हटलं तर पुसता येत नाही. तिथून चालून, तिथं काही न मिळता पुढे जावं लागतं. आणि पुढे दुसरी वाट पाडावी. पहिलीवर गवत आपोआप चढतं. तू रस्ताच चुकवलास. चुकवलेला रस्ता तसाच राहतो, डोमाजी."

मग झांजा आल्या आणि बुवा उठले. त्या दिवशी डोमाजी दाराशी उभा राहिला नाही, आत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं नेम धरला. दिवस मावळायच्या बेताला शेवटचं भाडं उतरवायचं आणि रिकामा टांगा भट्टीवरून न्यायचा. राधी थांबली की थांबू द्यायची. ओरडायचं नाही, ओढायचं नाही, उतरायचं तर मुळीच नाही. लगाम सैल सोडून नामस्मरण करत बसायचं. ती कंटाळून आपल्या पायानं निघाली की पुढच्या मारुतीच्या देवळापाशी खाली उतरायचं, तिच्या मानेवर हात फिरवायचा आणि गुळाचा खडा हातावर धरायचा.

सांगायला सोपं. पण त्या पिंपळाखाली बसायचं म्हणजे मोहाच्या दारूचा वास नाकात घेत बसायचं. भट्टीच्या अलीकडचं कडुनिंबाचं वळण आलं की राधीचे कान उभे राहत, आणि डोमाजीच्या तोंडाला पाणी सुटे. दोघांना एकाच वळणावर. आपण घोडीला शिकवतो आहोत की घोडी आपल्याला, हे त्याला कळेनासं झालं.

"काय गा महाराज," ताराचंद ओट्यावरून म्हणे, "भट्टीपुढे कीर्तन लावलं काय? आरती झाली का परसाद घ्याले ये!" एकदा तर तो भरला गिलास घेऊन टांग्यापाशीच आला. "वास तरी घे. माळेले काय समजते?"

"माळेले नाही समजत," डोमाजी म्हणाला. "मले समजते."

गिलास त्याच्या गुडघ्याशी होता. राधीही उभी होती. डोमाजीनं दोन्ही हातांनी लगाम असा धरला की नखं तळव्यात रुतली. राधी निघाली तेव्हा त्याचा सदरा घामानं भिजला होता. मारुतीपाशी त्यानं अर्धा खडा राधीला दिला आणि अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला.

पावसाळा गेला. राधीचं थांबणं हळूहळू कमी होत गेलं. आधी नुसती थबके, मग चाल मंद करी, मग एके दिवशी पिंपळाकडे न पाहता सरळ निघून गेली आणि मारुतीपाशी जाऊन मान वळवली. दिवाळीपर्यंत तोच तिचा थांबा झाला. डोमाजीनं उमरेडला निरोप धाडला.

आणि नेमका राधीचा खूर दुखावला. किती तरी दिवस ती तबेल्यात बांधून होती. पाय बरा होऊन ती पहिल्यांदा जुंपली तो दिवस आणि प्रयागबाईचा यायचा दिवस एकच.

"बसा," डोमाजी स्टेशनावर म्हणाला. बायकोला अहो-जाहो केलं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. प्रयागबाई मागे बसली, पाठमोरी, गाठोडं मांडीवर.

दोन रस्ते फुटतात तिथं डोमाजीचा हात डावीकडे वळला. तलावाकडचा रस्ता आता दुरुस्त झाला होता. तिकडून गेलं तर काहीच घडणार नव्हतं. राधीनं अर्धी मान वळवलीसुद्धा. डोमाजीनं हात सैल सोडला आणि टांगा सरळ घेतला.

कडुनिंबाचं वळण आलं. राधीचे कान उभे राहिले.

"माय वं," डोमाजी पुटपुटला.

पिंपळाखाली, फुटाण्याच्या टोपलीशी, राधी थांबली. मान वळवून मागे पाहू लागली.

ओट्यावर आज कुणी हसलं नाही. ताराचंदनं एकदा टांग्यात कोण आहे ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. डोमाजीनं लगाम गुडघ्यांवर ठेवला आणि हात जोडल्यासारखे धरून बसून राहिला. आता मागे गाठोडं उचलल्याचा आवाज येईल, टांगा हलेल, हलका होईल.

टांगा हलला नाही.

"काहून थांबली?" प्रयागबाईनं विचारलं.

"तिले आठवलं."

प्रयागबाईनं ओट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "अन् तुमाले?"

माळेवर हात जाऊ शकला असता. मागच्या वेळी गेला होता.

"मलेबी आठवते," डोमाजी म्हणाला. "रोज आठवते वं. या वळणावर तोंडाले पाणी सुटते. अजून."

"मंग?"

"मंग काही नाही. बसून राहतो. ते निघाली का निघतो."

प्रयागबाईनं मान वळवून पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. त्याची पाठ, मानेवरचा घाम, गुडघ्यांवर सैल पडलेला लगाम. तिनं गाठोडं मांडीवर नीट सारखं केलं आणि बसून राहिली. तिघंही तिथं बसून राहिले, म्हणजे दोघं बसून आणि राधी उभी. फुटाण्याचा वास येत होता, मोहाचाही.

मग राधीनं फुरफुर केलं, पुढचा पाय उचलला आणि निघाली. मारुतीच्या देवळापाशी आपणहून थांबली.

आतून झांजांचा आवाज येत होता. डोमाजी खाली उतरला, बंडीच्या खिशातून गुळाचा खडा काढला. तेवढ्यात प्रयागबाई उतरून शेजारी आली आणि तिनं हात पुढे केला.

"द्या इकडे," ती म्हणाली.

त्यानं खडा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो दाताखाली धरून फोडला. अर्धा राधीपुढे केला. दुसरा अर्धा, न पाहता, त्याच्या हातात दिला.